आधी गट जमू दे!

जिल्हा पातळीवरच्या शालेय नेमबाजी स्पर्धेहून आमच्या मुली परत आल्या, तो दिवस मी विसरणार नाही. जीप मंडळाच्या दारात थांबली. दोघी जणी बडबडत उतरल्या. तिसरी उतरली ती कुणाकडे न बघता, पाठीवरची पिशवी सावरत सरळ घरी निघून गेली. मी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन तशीच उभी राहिले.

सरावात सगळ्यात चांगली तीच होती. आणि स्पर्धेत तीच सगळ्यांच्या मागे पडली.

मैत्रिणींनो, थोडं मागचं सांगते. आमचं गाव तालुक्याचं. आमच्या महिला मंडळाचे बचत गट आहेत, शिलाईचे वर्ग आहेत. मंडळाच्या मागे एक लांबट गोदाम रिकामं पडलं होतं. गावातले निवृत्त सुभेदार एक दिवस म्हणाले, "ताई, इथं दहा मीटरची रेंज होईल. मुलींना एअर रायफल शिकवतो. मला काही नको, फक्त भिंत पक्की करून द्या." गटातल्या बायकांनी वर्गणी काढली. दोन रायफली आल्या. एक साधी, ओपन साइटची. दुसरी एका देणगीदारानं दिलेली, जुनी पण भारी, जर्मन बनावटीची, पीप साइटची. या एका रायफलवर पाच मुली शिकतात. रायफली ठेवायला कुलपाचं लोखंडी कपाट हवं, ते आमच्या घरी होतं. म्हणून रायफली माझ्याकडे. आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं.

ती तिसरी मुलगी म्हणजे आमच्या गटात शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंची लेक. ताईंनी ब्लाऊज शिवून तिचे नेमबाजीचे बूट घेतलेले. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. निरोप आला, "ती म्हणते, माझ्यात नेमच नाही. उगाच खर्च नको."

सुभेदार सरांनी रायफल टेकावर ठेवून स्वतः पाच छर्रे मारले. कार्ड बघितलं आणि मला विचारलं, "ताई, या रायफलची साइट कुणी काढली होती का?"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण साइट मी काढली होती.

माझं एक फडकं

स्पर्धेच्या आदल्या रात्री मी रायफली पुसायला घेतल्या. मुली उद्या बाहेरगावी जाणार, चार लोकांत रायफल लखलखीत दिसायला नको का? आपल्या बायकांचा स्वभावच तो. पाहुणे येणार म्हटलं की आपण पंख्याची पातीसुद्धा पुसतो. मागच्या साइटच्या खाली धूळ दिसली, म्हणून मी तिचे स्क्रू ढिले करून ती काढली. छान पुसली. तिच्यावर दोन गोल बटणं असतात, एक वर आणि एक बाजूला. ती फिरवली की कट कट आवाज यायचा. मला वाटलं, आत कचरा अडकलाय! म्हणून मी दोन्ही बटणं इकडून तिकडे चांगली चार-पाच वेळा फिरवली आणि साइट परत बसवून टाकली.

तो कट कट आवाज म्हणजे कचरा नव्हता. तो त्या साइटचा प्राण होता. एकेक 'कट' म्हणजे एकेक क्लिक, आणि एकेका क्लिकला छर्रा कागदावर थोडा सरकतो. सरांनी महिनाभर त्या मुलीच्या डोळ्याला बसवलेलं माप मी पाच मिनिटांत पुसून टाकलं होतं.

तुम्ही म्हणाल, इतक्याशा बटणानं असं काय बिघडणार? मलाही तसंच वाटलं. तेव्हा सरांनी मला हिशेब करून दाखवला. पुढची आणि मागची साइट यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर असतं, आणि लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे १००० सेंटिमीटरवर. म्हणजे साडेबारा पट. मागची साइट एक मिलिमीटर सरकली तर छर्रा साडेबारा मिलिमीटर सरकणार. आता त्या कागदावरच्या कड्या किती लहान असतात बघा. दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. नऊ गुणांचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. म्हणजे साइट ०.२ मिलिमीटर, अगदी जाडसर पुठ्ठ्याच्या कागदाएवढी हलली, तरी एक गुण गेला. आणि मी तर बटणं गरागरा फिरवली होती.

बाण कुणीकडे?

स्पर्धा सुरू होण्याआधी सरावाचे छर्रे मारायला ठरावीक वेळ मिळतो. त्या मुलीनं पहिला छर्रा मारला, तो वर आणि उजवीकडे गेला. दुसराही तिथेच. तिला कळलं, साइट हलली आहे. पण सरांनी आजवर तिला बटणांना हात लावू दिला नव्हता. "ते माझ्यावर सोड, तू फक्त मार," असं ते म्हणायचे. ती आपली चूक झाली, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. त्या दिवशी सर मागे उभे होते, पण तिथं बाहेरून बोलून शिकवायची मुभा नसते. ती एकटी होती.

तिनं वरच्या बटणावर बघितलं. तिथं 'एच' आणि 'टी' अशी अक्षरं आणि बाण. शाळेत शिकलेली इंग्रजी तिनं लावली. एच म्हणजे हाय, म्हणजे वर. छर्रा खाली आणायचा तर एचच्या उलट फिरवलं पाहिजे. तिनं उलट फिरवलं. छर्रा आणखी वर गेला.

इथंच गंमत आहे, आणि ही गंमत माहीत नसेल तर भलेभले फसतात. त्या साइटवरची अक्षरं जर्मन शब्दांची होती. 'होख' म्हणजे उंच आणि 'टीफ' म्हणजे खाली. अशा जर्मन पद्धतीच्या साइटवरचा बाण आपल्याला छर्रा कुठे न्यायचा ते सांगत नाही, तर छर्रा कुठे लागतोय ते विचारतो. छर्रा वर लागतोय? मग एचकडे फिरवा, तो खाली येईल. खाली लागतोय? मग टीकडे. बाजूच्या बटणावर 'आर' म्हणजे उजवं आणि 'एल' म्हणजे डावं, तिथंही तोच नियम. इंग्रजी पद्धतीच्या साइटवर मात्र बहुधा उलटं असतं. तिथं 'अप'कडे फिरवलं की छर्रा वर जातो.

म्हणून आपल्या रायफलवर काय पद्धत आहे ते एकदा स्वतः करून बघायचं आणि लिहून ठेवायचं. पाच छर्रे मारा, दहा क्लिक एका बाजूला फिरवा, परत पाच मारा. कुठं सरकले आणि किती सरकले ते पट्टीनं मोजा. त्याला दहानं भागलं की एका क्लिकचं माप हातात आलं. चौथीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे, पण ते स्पर्धेच्या दिवशी घामेजल्या हातांनी करायचं नसतं.

सांगावं की नाही?

त्या रात्री मला झोप लागली नाही. सरांनी मला एका शब्दानं दोष दिला नव्हता. मुलींना काही माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मंडळाची सचिव म्हणून गावात माझं नाव आहे. आणि एका पोरीचं वर्ष वाया घालवल्याचं जाऊन कुठल्या तोंडानं सांगायचं? पण डोळे मिटले की ती पाठीवरची पिशवी सावरत जाणारी मुलगी दिसायची. "माझ्यात नेमच नाही," हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आणि ते खोटं आहे, हे गावात मला आणि सरांना दोघांनाच ठाऊक होतं.

सकाळी मी ताईंच्या घरी गेले. त्या मशिनवर बसल्या होत्या. लेक आत भांडी घासत होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि दोघींसमोर जे झालं ते सांगून टाकलं. फडकं, स्क्रू, कट कट आवाज, सगळं.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "काकू, म्हणजे माझं चुकलं नव्हतं?" एवढंच म्हणाली.

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मशिनवरचं ताणाचं बटण दाखवून म्हणाल्या, "वहिनी, हे बटण कुणी फिरवलं तर मी घर डोक्यावर घेते. आकडा चारवर असतो माझा. पोरं खेळता खेळता सहावर नेतात आणि मग माझा दोरा तुटत बसतो. तुमची ती साइट म्हणजे असंच काहीतरी दिसतंय." मी म्हटलं, अगदी तसंच. त्या पुढं म्हणाल्या, "मग खडूनं खूण करून ठेवायची ना! आणि नवीन कापड आलं तर आधी तुकड्यावर टाके बघायचे, मग बटणाला हात लावायचा. एक टाका वाकडा पडला म्हणून लगेच ताण फिरवला, तर दिवसभर फिरवतच बसाल."

मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "ताई, आम्हाला फौजेत हेच शिकवायला महिने लागतात."

गट म्हणजे काय?

कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग असायचं. तिथले उस्ताद पाच गोळ्या झाल्या की टार्गेटवर वर्तुळ धरून बघायचे आणि म्हणायचे, गोळी मध्ये लागली की नाही ते सोडा, पाचही एकत्र लागल्या का ते आधी बघा. त्याला ग्रुपिंग म्हणत. तिथं नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणायचे, आणि आम्ही मुली हसायचो. शिस्त म्हणजे ओळीत उभं राहणं, एवढंच आम्हाला माहीत. पुढं कळलं की जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच. नेमाचा शब्द वागणुकीला लागला, तो उगाच नाही.

साइट बसवण्याचं सगळं शास्त्र या ग्रुपिंगमध्ये आहे. आमच्या बचत गटातल्या बायका आता त्याला गटच म्हणतात. पाच छर्रे बटणाला हात न लावता मारायचे. मग बघायचं.

छर्रे कागदभर विखुरलेत? मग साइटला हात लावायचा नाही. दोष उभं राहण्यात आहे, श्वासात आहे, ट्रिगर हिसकण्यात आहे, नाहीतर साइटचा स्क्रू ढिला आहे. पाचही एकत्र जमलेत, पण सगळे मिळून एका बाजूला गेलेत? मग मुलगी बरोबर आहे, साइट सरकवायची. गटाच्या मधोमध टिंब काढायचं, तिथून मधल्या ठिपक्यापर्यंत मोजायचं आणि तेवढे क्लिक द्यायचे. परत पाच मारून खात्री करायची. चार एकत्र आणि एक भलतीकडे? त्या एकाच्या मागे धावायचं नाही. त्या दिवशी आमच्या मुलीनं नेमकं हेच केलं होतं. प्रत्येक छर्ऱ्यामागे एकदा बटण. साइटही भरकटली आणि तीही.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. मागची साइट ज्या दिशेला सरकते, त्या दिशेला छर्रा सरकतो. पुढची सरकवली तर उलट दिशेला. ओपन साइटच्या साध्या रायफलीलाही हाच नियम. तिथं मागे खाच आणि पुढं खुंटी असते. खुंटी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्हीकडे सारखा उजेड आणि दोघांचे माथे एका रेषेत, एवढं जमलं की झालं.

सुईच्या नेढ्यातून

पीप साइट मी पहिल्यांदा डोळ्याला लावली तेव्हा मला काहीच दिसलं नाही. मागच्या साइटचं भोक एखाद्या मिलिमीटरचं, जाड सुईच्या नेढ्याएवढं. पुढं नळीत एक कडी बसवलेली. आणि त्यापलीकडे दहा मीटरवरचा काळा गोल, साडेतीस मिलिमीटरचा. भोकात नळी, नळीत कडी आणि कडीत काळा गोल, असं सगळं एकात एक बसवायचं. ताटाच्या बरोबर मध्ये वाटी ठेवली की कडेनं सगळीकडे सारखी जागा सुटते ना, तशी काळ्या गोलाभोवती पांढरी जागा सारखी सुटली पाहिजे.

इतक्या लहान भोकातून स्पष्ट कसं दिसतं? घरी करून बघा. पुठ्ठ्याला टाचणीनं बारीक भोक पाडा, चष्मा काढा आणि त्यातून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चांगल्या उजेडात वाचा. मला चाळिशी लागली आहे, तरी वाचता आली. लहान भोकातून मोजकेच किरण आत येतात, त्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पीप साइटची सारी करामत तीच. मात्र भोक फार लहान केलं तर अंधारून येतं. काही साइटवर हे भोक लहानमोठं करता येतं. उजेड भरपूर असेल तर लहान, कमी असेल तर थोडं मोठं.

पुढची कडीही वेगवेगळ्या मापांची मिळते. मुलींना वाटतं, कडी जितकी घट्ट तितका नेम पक्का. तसं नाही. कडी फार घट्ट असली की काळा गोल सारखा काठाला चिकटल्यासारखा वाटतो, मुलगी घाबरते आणि ट्रिगर हिसकते. भोवती पांढरी जागा स्वच्छ दिसेल इतकी मोकळी कडी नवशिक्यांना बरी. नजर कडीवर ठेवायची. काळा गोल किंचित पुसट दिसला तरी चालतो. दुसरा डोळा गच्च मिटायचा नाही, त्यानं नेमाच्या डोळ्यावरही ताण येतो. त्याच्यापुढं पांढरी पट्टी लावायची. आणि एकटक बघत बसायचं नाही. सात-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची, दोनदा पापण्या मिटायच्या आणि पुन्हा सुरुवात.

अजून एक. रायफल एका अंगाला कलली की छर्रा त्याच बाजूला जातो आणि जरा खाली येतो. साइट बरोबर असूनही. म्हणून साइट बसवताना ती वाकडी बसली नाही ना, आणि मुलगी दर वेळी सारखीच उभी राहते ना, हे मागून कुणीतरी बघावं लागतं.

आमची देखभाल

त्या प्रकारानंतर सरांनी मला रीतसर शिकवलं. आता रायफली अजूनही मीच पुसते, पण नियमानं. ज्यांच्या घरात मुलगा-मुलगी नेमबाजी शिकतेय त्यांच्यासाठी ते इथं देते.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे ना ते बघायचं, नळीतून रंगीत सुरक्षा दोरी घातलेली असली पाहिजे. तोंड कायम भिंतीकडे. एअर रायफल हे खेळणं नव्हे. तिला कुलूप हवंच आणि किल्ली मुलांच्या हाती नको.

साइट उगाच काढायची नाही. काढावीच लागली तर रुळावर ती कुठं होती याची खूण आधी हवी. आम्ही साइट आणि रूळ दोन्हींवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली आहे. रेघ जुळली नाही की साइट सरकली. कल्पना अर्थात ताईंची, खडूऐवजी नेलपॉलिश एवढाच बदल. स्क्रू योग्य मापाच्या ॲलन कीनंच आवळायचा. पक्कड लावायची नाही, नाहीतर आटे जातात. सरावाआधी साइट बोटांनी हलकेच हलवून बघायची. जराही हलली तर छर्रा मारायचाच नाही.

धूळ काढायला मऊ ब्रश. मी लेकीचा मेकअपचा न वापरलेला ब्रश ठेवला आहे. तोंडानं फुंकर मारायची नाही, फुंकरीबरोबर ओल जाते. साइटच्या आत तेल सोडायचं नाही, त्यावर धूळ बसून चिखल होतो. बाहेरच्या लोखंडी भागावरून तेलाचा हात लागलेलं फडकं फिरवायचं आणि कोरड्यानं पुसून घ्यायचं. पुढची कडी प्लॅस्टिकची असेल तर चष्म्याच्या कापडानं पुसायची. तिला स्पिरिट किंवा सेंट लागू द्यायचं नाही, चरे आणि डाग पडतात. ओपन साइटची खुंटी घासून चकाकायला लागली तर उजेडात ती एका बाजूनं मोठी दिसते आणि नेम चुकतो. जुने नेमबाज अशा साइटवर काजळी धरायचे. आम्हीही निरांजनाची काजळी बोटानं लावून बघितली, उत्तम चालते.

पावसाळ्यात रायफल ओलसर पेटीत कोंडून ठेवू नका. बुटांच्या खोक्यातल्या दाणेदार पुड्या येतात ना, त्या आम्ही कपाटात टाकतो. प्रवासात साइट डब्यात वेगळी किंवा पेटीत नीट गुंडाळून. आणि रायफल उचलताना साइटला धरून कधीच उचलायची नाही. घागर काठाला धरतो तशी सवय हाताला लागलेली असते, ती मोडावी लागते.

बटण फिरवताना शेवटचा फेरा नेहमी एकाच बाजूनं संपवायचा. जुन्या साइटच्या आट्यांत थोडी ढिलाई असते. चार क्लिक मागे जायचे असतील तर सहा मागे जाऊन दोन पुढं या. म्हणजे साइट दर वेळी एकाच बाजूला टेकून बसते.

आणि सगळ्यांत महत्त्वाची ती वही. पाच मुली, पाच डोळे, पाच पाठी. एकीचं माप दुसरीला बसत नाही. म्हणून प्रत्येकीची एक शंभर पानी वही. टोकापासून वरचे क्लिक किती, बाजूचे किती, कडी कितीची, छर्ऱ्यांचा डबा कुठला, उजेड कसा. रायफल हातात घेतली की वही उघडायची आणि आपल्या आकड्यावर यायचं. रेंजवरची एक ट्यूब गेली तरी छर्रे सरकल्यासारखे वाटतात. वहीत लिहिलेलं असलं की मुलगी बटणाकडे न जाता आधी दिव्याकडे बघते.

दुर्बीण नाही, फक्त डोळा

या खेळात दुर्बीण लावायला परवानगी नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. फक्त या साध्या साइट आणि आपला डोळा. एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, ती याच साइटमधून बघत. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं. मोठ्या शहरांतलीच मुलं हे करतात असं नाही. पण या सगळ्यांनी आपल्या साइटचा एकेक क्लिक ओळखलेला असणार, हे मला आता कळतं.

आपण मुलींना बूट घेऊन देतो, फी भरतो, डबा देतो. पण अवजाराची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातात ठेवतो. कधी सरांच्या, कधी वडिलांच्या, कधी आईच्या. "तू हात लावू नकोस, मी करते," हे आपण किती सहज म्हणतो! आणि मग एके दिवशी मुलगी एकटी उभी असते, समोर बटण असतं आणि ते कुणीकडे फिरवायचं ते तिला ठाऊक नसतं.

ती मुलगी परत आली. पहिल्याच दिवशी सरांनी मुद्दाम बटणं फिरवून ठेवली आणि तिला म्हणाले, "आता तूच बसव." तिनं पाच छर्रे मारले. पाचही खाली डावीकडे, पण शर्टाच्या बटणाखाली झाकतील इतके जवळ जवळ. तिनं लगेच हात लावला नाही. पट्टी घेतली, मोजलं, वहीत लिहिलं आणि मगच क्लिक दिले. पुढचे पाच काळ्या गोलाच्या मध्यावर. ते कार्ड ताईंनी मशिनसमोरच्या भिंतीला टाचणीनं लावलं आहे. कुणी विचारलं की त्या सांगतात, "आधी गट जमू दे, मग बटण."

यंदाच्या स्पर्धेत ती पुन्हा उतरणार आहे. पदक मिळेल की नाही, ते मी कशाला बोलू? आदल्या रात्री रायफल मी पुसणार आहे, पण साइटपाशी आल्यावर थांबणार आहे. तिथून पुढचं काम तिचं. वही उघडून, आकडा बघून, स्वतःच्या बोटांनी.